‘पोटेन्शियल’, ‘संभावना’ आणि ‘होतकरू’

शब्दवेल्हाळ: ‘पोटेन्शियलला मराठी शब्द नाही, म्हणून संभावना रुजवावा’ असे काल इथे कोणी लिहिले, ते वाचून गप्प बसवत नाही. शक्यता घटनेची असते आणि क्षमता आज अंगी असलेल्या बळाची. पण अजून प्रकट न झालेला गुण सांगायला आपल्याकडे ‘होतकरू’ आहे. मराठीत संभावना म्हणजे आदरसत्कार, भिक्षुकाची दक्षिणा. ‘पावसाची संभावना’ ही हिंदीची उसनवारी आहे.

जुना वाचक: उसनवारी म्हणण्यापूर्वी संस्कृत पाहावे. काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात उत्प्रेक्षा अलंकाराचे ‘संभावनमथोत्प्रेक्षा’ असे लक्षण दिले आहे. तेथे दक्षिणा नव्हे, कल्पिलेली शक्यताच अभिप्रेत आहे.

शब्दवेल्हाळ: मम्मट मान्य. पण गीतेच्या ‘संभावितस्य चाकीर्तिः’मध्ये संभावित म्हणजे प्रतिष्ठित, आणि मराठीत मुरला तो हाच अर्थ.

माणदेशी: संभावनेचे काय करायचे ते करा, पण ‘होतकरू’चे गोडवे गाऊ नका. दहावीनंतरच्या सत्कारात मला ‘गरीब व होतकरू विद्यार्थिनी’ म्हणून पुकारले गेले, तेव्हा त्या दिवसासाठी नवा सदरा शिवून घेतलेले माझे वडील पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. माझे गुण नव्वद टक्क्यांवर होते. त्या गुणांचा उल्लेखही झाला नाही.

शब्दवेल्हाळ: दोष आयोजकांचा आहे, शब्दाचा नव्हे. आमच्या तालमीतले वस्ताद एखाद्या पोराला होतकरू मल्ल म्हणत, तेव्हा त्याच्या घरची मिळकत विचारत नसत.

माणदेशी: तुम्हाला तालमीत शाबासकी मिळाली, मला व्यासपीठावर दया मिळाली. शिष्यवृत्तीच्या जाहिराती काढून पाहा. ‘गरीब’ शेजारी नसलेला ‘होतकरू’ किती ठिकाणी सापडतो? माझ्या अनुभवाला अपवाद ठरवण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

विज्ञानशिक्षक: दोघेही माणसांपुरतेच बोलत आहात. कोयनेच्या जलाशयातल्या पाण्याला होतकरू म्हणणार का? पोटेन्शियल या एकाच इंग्रजी शब्दासाठी मी वर्गात ऊर्जेच्या धड्यात ‘स्थितिज’ म्हणतो आणि विजेच्या धड्यात ‘विभव’, आणि मुलांचे काहीही अडत नाही. गावाच्या पर्यटनाबद्दल बोलताना तर ‘वाव आहे’ एवढे पुरते. सगळीकडे चालणारा एकच शब्द हवा, हा हट्टच चुकीचा आहे.

शब्दवेल्हाळ: वस्तूंपुरते आपले म्हणणे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. माणसासाठी मात्र ‘होतकरू’ मी सोडणार नाही.

माणदेशी: नका सोडू. आधी त्याच्या मागचे ‘गरीब व’ खोडायला लावा, मग मीही तो माझ्या विद्यार्थ्यांसाठी वापरीन.