रटाळ नव्हे, गळचेपी

२०१४ च्या फुटबॉल विश्वचषकातल्या अर्जेंटिना–नेदरलँड्स उपांत्य सामन्याला कोणी 'रटाळ' म्हटलं, तर ते काही मला पटत नाही. आदल्या रात्री जर्मनीने ब्राझीलला ७-१ धुतलेलं, त्यामुळे ०-० बेचव वाटणारच. पण नेदरलँड्सचा प्रशिक्षक व्हान गालने पाच जणांचा बचाव लावून मधल्या फळीतल्या डी योंगला अर्जेंटिनाच्या मेस्सीच्या मागे सोडलं होतं. मेस्सी वळायच्या आत कोणीतरी अंगावर! जायबंदी डी मारिया नसल्याने अर्जेंटिनाकडे वेगाने मोकळी जागा गाठणारा दुसरा कोणी उरला नव्हता. पलीकडे नेदरलँड्सच्या रॉबेनचीही तीच गत. त्याला खरी संधी मिळाली ती थेट ९० मिनिटं उलटल्यावर, आणि तिथे अर्जेंटिनाच्या माशेरानोचा पाय आडवा आला. माझ्या मते सामना तिथेच ठरला, पेनल्टी नंतरच्या.

व्हान गालचं खरं चुकलं ते बदली खेळाडूंच्या हिशोबात. आधीच्या फेरीत कोस्टा रिकाविरुद्ध पेनल्टींसाठी राखीव गोलरक्षक क्रुलला आणण्याचा डाव साधला होता. इथे ९६व्या मिनिटाला आघाडीच्या हुंटेलारला उतरवून तिसरा, म्हणजे शेवटचा बदलही संपवला. मग पेनल्टींना नेहमीचा सिलेसनच गोलात, आणि पलीकडे अर्जेंटिनाचा गोलरक्षक रोमेरोने व्लार, स्नायडर दोघांना अडवलं. अर्जेंटिना ४-२. पहाटेपर्यंत जागल्याचं मला तरी वाईट वाटलं नाही.