गॅरेज नसताना गारपिटीपासून गाडी कशी वाचवावी?

चारचाकी
माझी गाडी वर्षभर इमारतीच्या मोकळ्या आवारात उभी असते. वर छप्पर नाही आणि इतक्यात ते होण्याची चिन्हेही नाहीत. मागच्या गारपिटीत टप आणि बॉनेट मिळून तीसेक पोचे पडले. एरवी गाडी धडधाकट दिसते, परंतु सकाळचे तिरपे ऊन टपावर आले की प्रत्येक पोच्याची सावली वेगळी उठून दिसते आणि जीव हळहळतो. विशेष म्हणजे त्या वेळी गाडीवर कव्हर घातलेले होते. जाड कव्हर घेतल्यास उपयोग होईल का, की घरातल्या गोधड्यांवरही भागेल? आभाळ भरून आल्यावर हाताशी फार तर दहा-पंधरा मिनिटे असतात. तेवढ्यात काय करणे शक्य आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पत्राकाम
आपले कव्हर कामी आले नाही, यात नवल नाही. साधे कव्हर धूळ आणि ऊन अडवण्यासाठी असते. ते पत्र्याला लागूनच बसत असल्यामुळे गारेचा मार जसाच्या तसा पत्र्यापर्यंत पोहोचतो. बहुतेक गाड्यांच्या टपाचा पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ असतो, आणि गारेचा सगळा जोर त्याच्या एका बोटभर जागेवर क्षणार्धात उतरतो. म्हणून मध्ये असे काहीतरी हवे, जे दबता दबता गारेचा वेग कमी करील आणि तिचा मार जास्त जागेवर पसरवील. गोधडी, रजई, फोमची गादी, व्यायामाची जाड चटई यांपैकी काहीही चालेल, मात्र थर किमान दोन-तीन बोटे जाड असावा.

गारेचा आकार किती महत्त्वाचा आहे, हेही लक्षात घ्यावे. गारेचा व्यास दुप्पट झाला की तिचे वजन ८ पट होते, आणि जड गार अधिक वेगाने खाली येत असल्यामुळे तिचा जोर सुमारे १६ पट होतो. अडीच ते साडेचार सेंटिमीटरच्या गारा साधारण ताशी ४० ते ६५ किलोमीटर वेगाने आदळतात. वाटाण्याएवढ्या गारांनी सहसा काही होत नाही. लिंबाएवढ्या गारा पडू लागल्या तर गोधडी सगळे पोचे टाळील, असे मी म्हणणार नाही, परंतु त्यांची संख्या आणि खोली निश्चित कमी होते.

वेळ थोडा असेल तर आधी टप, मग बॉनेट आणि डिकी झाकावी, कारण हे भाग आडवे आणि सपाट असतात. त्यानंतर मागची काच. समोरच्या काचेच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळे ती तडकली तरी सहसा एकसंध राहते. मागची काच बहुधा तशी नसते, ती फुटली की तिचा चुरा होतो आणि पुढचा पाऊस थेट आसनांवर येतो.

चारचाकी
मनःपूर्वक आभार. गारांबरोबर वारा सुटतो, त्यात गोधड्या उडून जाणार नाहीत का? चिकटपट्टीने चिकटवल्या तर चालेल का?

पत्राकाम
चिकटपट्टी रंगावर लावू नये; ती ओढून काढताना रंगाचा पापुद्रा निघू शकतो, विशेषतः पूर्वी कधी रंगकाम केलेल्या जागी. आधी गोधड्या पसराव्यात, त्यांवर आपले जुने कव्हर ताणून घालावे आणि गाडीच्या पोटाखालून दोन ठिकाणी दोर घेऊन आवळावे. कव्हर वर असण्याचा आणखी एक लाभ आहे. भिजलेली गोधडी चेपून पातळ होते आणि तिचा उपयोग उरत नाही. वरचे कव्हर तिला बऱ्याच अंशी कोरडी ठेवते. कव्हराची कड मात्र मोकळी फडफडू देऊ नये, कारण खाली अडकलेली माती रंगावर घासून चरे पाडते. गारा थांबल्यावर सगळे लगेच काढून वाळवावे.

मोकळेआभाळ
झाकण्यापेक्षा गाडी हलवणे केव्हाही चांगले, असे माझे मत आहे. जवळ बहुमजली वाहनतळ असेल तर इशारा मिळताच गाडी तिथे न्यावी. ते शक्य नसेल तर उंच भिंतीच्या आडोशाला, म्हणजे वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूस, गाडी भिंतीला खेटून लावावी. वाऱ्यामुळे गारा तिरप्या येतात, त्यामुळे बराचसा मारा भिंत अडवते. झाडाखाली मात्र लावू नये. पाने थोड्या गारा झेलतीलही, परंतु फांदी मोडून पडली तर नुकसान कित्येक पटींनी वाढते. वाहता रस्ता अडवून उड्डाणपुलाखाली थांबणे तर इतरांच्या जिवावर बेतू शकते.

एक आग्रहाची विनंती अशी की गारा सुरू झाल्यावर गोधडी घेऊन धावू नये. डोक्यावर बसलेली मोठी गार जीवघेणी ठरू शकते, आणि त्याच ढगातून वीजही पडते.

जाळीखाली
जागा स्वतःच्या वापरातली असेल आणि इमारतीची परवानगी मिळत असेल, तर फळबागांवर लावतात तशी गारारोधक जाळी लोखंडी सांगाड्यावर ताणून बसवावी. जाळी टपापासून हात-दीड हात वर असावी, कारण गार आदळल्यावर ती खाली झोळते आणि मध्ये पोकळी नसेल तर पत्र्याला लागते. ती उतरती बांधावी. सपाट जाळीवर गारांचा ढीग साचून सांगाडा वाकतो.

आपली विमा पॉलिसीही एकदा वाचून पाहावी. केवळ तृतीय पक्षापुरता विमा असेल तर स्वतःच्या गाडीवरचे पोचे त्यात धरले जात नाहीत. गाडी धुऊन, आजच तिची सर्व बाजूंनी तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे जुने पोचे कोणते आणि नवे कोणते, हा वाद उद्भवणार नाही.

चारचाकी
आवाराच्या पूर्वेला दुमजली भिंत आहे आणि आमच्याकडे वादळ बहुधा पश्चिमेकडून येते, म्हणजे ती बाजू उपयोगाची नाही. तूर्त दोन जुन्या रजया आणि दोर डिकीत ठेवत आहे. जाळीसाठी परवानगीचा अर्ज या आठवड्यात देतो. सांगाड्याची मापे ठरली की इथे मांडीन.