विषय: जानेवारीतला नाशिक मेळावा, ‘दुनिया न माने’चा आवाज

नमस्कार मंडळी,
नाशिकला सुट्टीवर येणाऱ्यांसाठी ‘दुनिया न माने’ (१९३७) ठरला आहे. घरोघरी अमराठी सुना-जावई, म्हणून मराठी ‘कुंकू’ऐवजी त्याचीच ही हिंदी आवृत्ती. गंगापूर रोडवर छोटा हॉल मिळतोय. प्रत जुनी आहे, खरखर ऐकू येते. हॉलवाले आवाज साफ करून देतो म्हणतात. करून घ्यायचा का?
– कार्यक्रम समिती

ताई,
अजिबात नको. दिग्दर्शक शांतारामबापूंनी या चित्रपटाला पार्श्वसंगीत दिलेलंच नाही. पडद्यावरच्या घरात जे वाजतं, तेच आपल्याला ऐकू येतं. काकासाहेबांच्या, म्हणजे नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याच्या, भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तर एखाद्या पात्राइतकी महत्त्वाची. खरखर काढणारं सॉफ्टवेअर बारीक, सतत चालणारा आवाज गोंगाट समजून दाबतं. खरखरीबरोबर घड्याळही जाईल आणि नायिका गप्प उभी असते ते प्रसंग निव्वळ मुके वाटतील.

लॅपटॉपमधली ‘ऑडिओ एन्हान्समेंट’ बंद, सराउंड बंद. ट्रॅक मोनो, म्हणजे एकपदरी आहे. दोन्ही स्पीकर पडद्यालगत, सारख्याच आवाजात. मिक्सरवर ८० हर्ट्झच्या खालचे खर्जातले आवाज कापा, तिथे नुसती घरघर असते. ट्रेबल (वरच्या पट्टीतले आवाज) मात्र फार उतरवू नका, नाहीतर स, श, च बोथट होऊन संवाद कळत नाहीत. पंखे बंदच ठेवा. नाशिकच्या जानेवारीत कुणाची तक्रार येणार नाही.

चित्र ४:३ ठेवा. ९ फूट उंचीला १२ फूट रुंदी, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. पडदा भरण्यासाठी ‘फिल’ केलं की वरून कपाळं कापली जातात, आणि या गोष्टीत कपाळावरचं कुंकू दिसायलाच हवं.

‘कुंकू’ची उपशीर्षकं इथे लावू नका, दोन आवृत्त्यांचं चित्रण वेगळं, मेळ बसत नाही. हिंदीचीच फाइल असून फरक दर मिनिटाला सुमारे २.४ सेकंदांनी वाढत गेला, तर सेकंदाला २४ की २५ फ्रेम्स (चित्रं), याचा घोळ आहे. उपशीर्षकं नुसती मागेपुढे सरकवून (डिले) तो सुटत नाही, फाइलचा फ्रेमरेट बदलावा लागतो.
– तंत्र पाहणारा

दादा, फार उपयोग झाला. सुरुवातीला प्रास्ताविक ठेवायचं आहे. काय सांगावं?
– कार्यक्रम समिती

ताई,
तीन मिनिटं पुरेत. मूळ कादंबरी ना. ह. आपट्यांची ‘न पटणारी गोष्ट’. फसवून म्हाताऱ्या बिजवराशी लावलेलं लग्न. शांता आपटे आणि केशवराव दाते. एवढंच. काकासाहेबांना खलनायक म्हणू नका. दात्यांनी त्यांची शरम पायरीपायरीने वाढवत नेली आहे; आधीच शिक्का मारला तर प्रेक्षक ती पाहणारच नाहीत. शेवट कृपया सांगू नका. काकासाहेबांची विधवा मुलगी झालेल्या शकुंतला परांजपे यांच्याकडे मात्र जरूर लक्ष वेधा. त्या काळी विधवेला समाज कसा वागवत होता हे तरुण मंडळींना माहीत नसेल, तर नायिकेला माहेर-सासर दोन्हीकडून वाट का नाही, हे उमगणार नाही.
– तंत्र पाहणारा