सावजी मटणासोबत वाईन की बिअर? आणि ग्लास कोणते घेऊ?

मनीषनगरची_सून:
येत्या शनिवारी आमच्या लग्नाला 10 वर्षं होऊन राहिली, घरीच जेवण ठेवलंय, आठ जण आहोत. सासूबाई स्वतः सावजी मटण करणार, जवसाच्या तेलातलं, वर बोटभर तर्री असलेलं, आणि जाऊबाई खात नाहीत म्हणून पाटोडी रस्सा. पुण्याहून दीर येऊन राहिले त्यांना वाईन आवडते, नवऱ्याचे मित्र सगळे बिअरवाले. मागच्या वेळी एका दुकानदारानं सांगितलं की मटण म्हणजे रेडच, म्हणून चांगली महागातली आणली, तर पहिल्या घोटालाच सगळ्यांच्या तोंडाची आग आग झाली, बाटली अर्धी तशीच राहिली. मला फार वाईट वाटलं कारण मटण इतकं सुरेख झालं होतं. दुसरं म्हणजे ग्लास. घरात स्टीलचे अन् पाण्याचे काचेचे एवढंच आहे. रेडचे वेगळे, व्हाईटचे वेगळे, बिअरचे वेगळे, एवढं सगळं घ्यावं लागते का? नीट सांगा प्लीज.

धरमपेठी:
ताई, मटण म्हणजे रेड हा हिशोब भाजलेल्या, कमी मसाल्याच्या मटणाचा आहे, सावजीला तो लागू पडत नाही. रेडमध्ये द्राक्षाच्या सालाचं टॅनिन असते, कच्च्या केळानं जसं तोंड आवळते ना तसं, आणि तिखटावर ते आणखीनच बोचते. त्यात 13-14 टक्के अल्कोहोल. आपल्या तोंडात उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आहे ती एरवी साधारण 42 डिग्रीला जागी होते, अल्कोहोल लागलं की 34 च्या आसपासच जागी होते, म्हणजे अंगाच्या नेहमीच्या तापमानालाच जळल्यासारखं वाटते, अन् मिरचीही नेमकी तिथंच जाऊन लागते. तुमच्या घरी तेच झालं, मटणाचा काही दोष नाही.
दिरांसाठी नाशिककडची शेनिन ब्लांक ही व्हाईट वाईन घ्या, त्यातली किंचित गोडसर असते ती, 8-10 डिग्रीला गार केलेली. गोडव्यानं तिखट खाली बसते अन् खड्या मसाल्याचा, लवंग-दगडफुलाचा वास वर येते. मी स्वतः सावजीसोबत बऱ्याचदा प्यायलोय, रेडकडे परत गेलो नाही. रेड आणायचीच असली तर जेवणाआधी शेंगदाणे, चीज वगैरेसोबत संपवा, आणि "रूम टेम्परेचर"ला द्या असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, ते 16-18 डिग्रीच्या खोलीसाठी आहे, आपल्याकडे मे महिन्यात कूलर लावूनही खोली तिशीच्या खाली येत नाही. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच काढा.

इतवारीवाला_भाऊ:
बिअरबद्दल मी सांगतो. नवऱ्याच्या मित्रांना स्ट्राँग देऊ नका, माइल्ड लागर म्हणजे आपली नेहमीची हलकी बिअर, किंवा व्हीट म्हणजे गव्हाची बिअर द्या. बेल्जियमच्या व्हीट बिअरमध्ये संत्र्याची वाळलेली साल अन् धणे पडतात, आपल्या नागपूरकराच्या जिभेला ती लगेच ओळखीची वाटते, पाटोडी रस्स्यासोबत तर फारच छान जाते. आयपीए ही कडू बिअर मात्र नको, कडूपणा अन् तिखट एकमेकांना चढवतात.
आणखी एक हिशोब लक्षात ठेवा, 650 मिलीची 8 टक्क्यांची स्ट्राँग बाटली म्हणजे 52 मिली शुद्ध अल्कोहोल, वाईनचा 150 मिलीचा ग्लास साडेबारा टक्क्यांचा धरला तर साधारण 19 मिली. म्हणजे एक स्ट्राँग बाटली पावणेतीन ग्लास वाईनबरोबर. बिअर हलकी अन् वाईन जड असं समजून लोक पितात अन् मग गाडी काढतात, ते होऊ देऊ नका. अन् उरलेली बाटली वर्ध्याच्या पाहुण्यांच्या गाडीत चुकूनही ठेवू नका, तिकडं दारूबंदी आहे.

सदरची_प्राची:
ग्लासचं मी सांगते, मी 12 वर्षं हॉटेल लाइनमध्ये आहे. एवढे सगळे सेट नका घेऊ. मध्यम आकाराचे, दांडीवाले, तोंडाशी थोडे आत वळलेले व्हाईट वाईनचे आठ ग्लास घ्या, 300-350 मिलीचे. त्यात व्हाईट, रेड, व्हीट बिअर सगळं चालते. आत वळलेलं तोंड वास धरून ठेवते, दांडी अशासाठी की हाताची ऊब वाईनला लागू नये. वाईन तिसऱ्या हिश्शापर्यंतच ओता, वरची जागा वासासाठी सोडा.
खरी गोष्ट आकारापेक्षा स्वच्छतेत आहे. आपल्या घरी तर्रीचं तेल, भांड्याचा साबण, ओला कपडा हे सगळं ग्लासला लागते अन् बिअरचा फेस दोन मिनिटांत बसते. ग्लास वेगळ्या स्पंजनं धुवा, नळाखाली भरपूर खळखळून घ्या अन् पालथे घालून आपोआप वाळू द्या, पुसू नका. बघायचं असलं तर आतून पाणी फिरवून ओता, काचेवर सारखा पातळ थर राहिला तर साफ, थेंब थेंब वेगळे झाले तर तेल आहे. बिअर भरल्यावर कडेला बुडबुडे चिकटून बसले तरी तेच समजा.
अन् बिअरचे ग्लास फ्रीझरमध्ये नका ठेवू, बर्फ वितळून बिअर पाणचट होते अन् फेस नुसता वर धावते.

मनीषनगरची_सून:
खूप खूप आभार सगळ्यांचे. आत्ताच पाण्याच्या ग्लासवर प्राचीताईंनी सांगितलेलं करून पाहिलं, सहापैकी चार ग्लासात थेंब थेंबच राहिले, अन् मी ते रोज स्वच्छ समजून होते! शेनिन दोन बाटल्या घेते, 750 मिलीत 150 चे पाच ग्लास होतात ना, म्हणजे पुरेल. जाऊबाई अन् सासूबाई पिणार नाहीत, त्यांना काय देऊ? नुसतं पाणी समोर ठेवायला बरं नाही वाटत.

सदरची_प्राची:
मठ्ठा. दुधा-ताकातलं केसिन नावाचं प्रोटीन मिरचीचा तिखटपणा धरून ओढून नेते, पाण्यानं तो नुसता तोंडभर पसरते. थोडा पुदिना, भाजलेलं जिरं, अन् त्याच दांडीच्या ग्लासात द्या, सगळ्यांच्या हातात सारखे ग्लास दिसले पाहिजेत.