मदत हवी आहे: इस्ट्रोजेन जेल लावूनही रात्रीचा घाम थांबत नाही, पंप वाढवू का?

रातराणी
पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी जेल सुरू करून दोन महिने होत आले, रोज दोन पंप. सुरुवातीला फरक पडला, अंगातून येणाऱ्या गरम वाफा कमी झाल्या, झोप लागायला लागली. आता परत रात्री कपडे भिजतात, उठून बदलावे लागतात. डॉक्टरांची पुढची तारीख लांब आहे. चार पंपांपर्यंत चालतं असं माहितीपत्रकात लिहिलंय. मग आजपासून चार केले तर काय बिघडलं? कृपया नुसतं "डॉक्टरांना विचारा" लिहू नका, ते मलाही कळतं. चार चालतील की नाही, एवढंच सांगा.

खलबत्ता
एवढ्या माहितीवर हो किंवा नाही सांगता येणार नाही. वय किती? शेवटची पाळी कधी? गर्भपिशवी आहे की काढली आहे? असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन कोणतं, किती, रोज की महिन्यातले ठरावीक दिवस? जेल कुठे लावता, आणि लावल्यावर तासाभरात आंघोळ, क्रीम, सनस्क्रीन असं काही? रोजची इतर औषधं कोणती? मधे कधी रक्तस्राव?

स्पष्टवक्ता
चार सोडा, दोनही बंद करा. 2002 साली अमेरिकेतला सोळा हजार बायकांवरचा अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता, स्तनाचा कॅन्सर वाढला म्हणून. रजोनिवृत्ती हा आजार नाही. त्याला औषध कशाला?

नीलमोहर
स्पष्टवक्ता, त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली. औषधही वेगळं होतं, तोंडाने घ्यायचं संयुग्मित इस्ट्रोजेन 0.625 मिग्रॅ आणि सोबत मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन (प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम औषध) 2.5 मिग्रॅ. दर वर्षी 10,000 जणींमागे स्तनाच्या कॅन्सरच्या 8 केसेस जास्त निघाल्या. मेंदूच्या झटक्याच्या 8, फुप्फुसातल्या गुठळीच्या 8, हृदयविकाराच्या 7 जास्त. खुब्याची फ्रॅक्चरं 5 ने कमी आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर 6 ने कमी. पिशवी काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं तो गट निराळा होता, त्यात स्तनाचा कॅन्सर वाढला नाही. आता सर्वसाधारण धोरण असं आहे की वय साठच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं झालेली नसतील आणि त्रास खरोखर होत असेल, तर फायद्याचं पारडं बहुधा जड असतं. पंच्याहत्तरीत पहिल्यांदा सुरू करण्याचं गणित वेगळं.

स्पष्टवक्ता
म्हणजे धोका आहेच ना? आकडे लहान करून सांगितले म्हणून तो जात नाही.

नीलमोहर
आहेच, आणि तो लपवू नये. 2019 मध्ये जगभरच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब झाला. पन्नाशीत सुरू करून पाच वर्षं इस्ट्रोजेन आणि रोजचं प्रोजेस्टोजेन (प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखं औषध) घेतलं, तर पुढच्या वीस वर्षांत साधारण 50 जणींमागे एकीला जास्तीचा स्तनाचा कॅन्सर. प्रोजेस्टोजेन महिन्यातले काही दिवसच असेल तर 70 मागे एक, नुसत्या इस्ट्रोजेनला 200 मागे एक. जितकी वर्षं घ्याल तितका धोका वाढतो. आधी स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, कारण न कळलेला रक्तस्राव असेल, पायात किंवा फुप्फुसात गुठळी होऊन गेली असेल, हृदयविकार किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, तर हे हार्मोन सहसा देत नाहीत. बाकी सगळ्यांना "बंद करा" म्हणणं म्हणजे रात्र-रात्र जागणाऱ्या बाईला वाऱ्यावर सोडणं.

रातराणी
माझा प्रश्न पंपांचा होता. असो. वय 52, पाळी जाऊन दीड वर्ष झालं. पिशवी आहे. जेल मांडीवर, सकाळी आंघोळीच्या आधी लावते, म्हणजे कपड्यांना लागत नाही. रात्रीचं ते प्रोजेस्टेरॉनचं 100 मिग्रॅचं कॅप्सूल दिलं होतं, पण सकाळी डोकं इतकं जड व्हायचं की काम सुचत नव्हतं, म्हणून महिन्याभरापासून घेत नाही. घामाशी त्याचा काही संबंध नाही ना?

खलबत्ता
रातराणी, आता पंप बाजूला ठेवा. पिशवी असताना इस्ट्रोजेन चालू आणि कॅप्सूल बंद, ही यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. इस्ट्रोजेन गर्भाशयाचं अस्तर वाढवतं, प्रोजेस्टेरॉन त्याला आवर घालतं. आवर काढला की अस्तर जाड होत जातं आणि त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. नव्वदच्या दशकातल्या एका मोठ्या चाचणीत तीन वर्षं नुसतं इस्ट्रोजेन घेतलेल्या जवळपास एक-तृतीयांश जणींच्या अस्तरात काळजी करण्यासारखे बदल सापडले होते. जेल त्वचेतून जातं म्हणून पिशवी वाचते असं नाही. अशात पंप दुप्पट करणं म्हणजे उघड्या आचेवर तेल ओतणं. चारचं उत्तर स्पष्ट "नाही" आहे.

आता जेल. आंघोळीच्या आधी लावणं हेच घाम परत येण्याचं कारण असू शकतं, कारण काही औषध पाण्याबरोबर जातं. आंघोळ झाल्यावर, अंग पूर्ण कोरडं आणि गार झाल्यावर, दंडापासून मनगटापर्यंत किंवा मांडीच्या आतल्या बाजूला पातळ पसरून लावा. चोळून जिरवायचं नाही. लहानशा जागेत जाड थर देण्यापेक्षा मोठ्या जागेवर पातळ थर चांगला. पाच मिनिटं वाळू द्या, मग कपडे. तासभर पाणी, क्रीम, सनस्क्रीन नको. हात धुवा. त्या जागेला लहान मुलांचा किंवा पाळीव प्राण्याचा स्पर्श होऊ देऊ नका. स्तनांवर कधीच नाही.

80 ग्रॅमच्या बाटलीत साधारण 64 मापं असतात. रोज दोन म्हणजे महिनाभर. त्यानंतर पंप दाबला जातो, पण माप कमी येतं. तुमची बाटली कितवी आहे?

हरितपर्ण
हार्मोनच्या मागे कशाला लागायचं? सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन आणि ब्लॅक कोहॉश ही वनस्पती घ्या. नैसर्गिक आहे, अपाय नाही.

खलबत्ता
हरितपर्ण, ब्लॅक कोहॉशने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कमी आहेत, पण आहेत. आयसोफ्लेव्होनने काहींना थोडा फरक पडतो, काहींना काहीच नाही. आणि मूड सुधारायला म्हणून सेंट जॉन्स वॉर्ट या वनस्पतीचा अर्क घेत असाल तर तो यकृतातली एन्झाइम्स वाढवून इस्ट्रोजेन लवकर संपवतो. फिटवरची कार्बामाझेपिन, फेनिटॉइन आणि क्षयावरचं रिफाम्पिसिन हीही तीच गत करतात. म्हणून तर रोजची औषधं विचारली.

बाभूळ
सगळे गर्भाशयावरच बोलताय. हाडांचं काय? पाळी गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडं वेगाने झिजतात. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करून घ्या, ड जीवनसत्त्व बघा. आणि योनीमार्गात कोरडेपणा, लघवीला जळजळ असेल तर 10 मायक्रोग्रॅमची योनीत ठेवायची गोळी असते, दोन आठवडे रोज, मग आठवड्यातून दोनदा. ती जवळजवळ रक्तात जातच नाही, तिला प्रोजेस्टेरॉनही लागत नाही.

रातराणी
कोरडेपणा नाही, हाडांचं मी विचारलेलं नाही. खलबत्ता, बाटली दुसरी आहे, म्हणजे संपत आलेली असू शकते. आंघोळीचं कुणीच सांगितलं नव्हतं. थायरॉइडची गोळी घेते, बाकी काही नाही. आणि ते कॅप्सूल परत सुरू केलं तर परत डोकं जड होणार. त्याला पर्याय नाही का?

मुक्तछंद
थायरॉइड! इस्ट्रोजेन घेतलं की थायरॉक्सिनचा, म्हणजे थायरॉइडच्या गोळीचा, डोस वाढवावा लागतो. टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी लगेच करा.

नीलमोहर
मुक्तछंद, ते तोंडाने घ्यायच्या इस्ट्रोजेनला लागू. गोळी आधी यकृतातून जाते, तिथे थायरॉइड हार्मोनला बांधून ठेवणारं प्रथिन वाढतं आणि मोकळं हार्मोन कमी पडतं. जेल आणि पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) थेट रक्तात जातात, त्यांनी तो बदल जवळपास होत नाही. याच कारणामुळे त्वचेवाटे घेतलेल्या नेहमीच्या डोसला गुठळ्यांचा धोका वाढलेला आतापर्यंतच्या पाहण्यांत दिसलेला नाही, गोळ्यांना मात्र तो दिसतो, विशेषतः पहिल्या वर्षात. वजन जास्त असेल, ट्रायग्लिसराइड वाढलेले असतील, अर्धशिशी असेल, तर जेल किंवा पॅचच बरा.

पण टीएसएच तपासायला हवं ते उलट कारणाने. थायरॉक्सिन जास्त होत असेल तरी घाम येतो, धडधड होते, झोप उडते. सगळा घाम रजोनिवृत्तीच्या खात्यावर टाकू नये. घामासोबत ताप, वजन घटणं, मानेत किंवा काखेत गाठी असतील तर ते वेगळं प्रकरण, त्याला थांबू नका.

इस्ट्रोजेनची रक्तातली पातळी तपासायला सांगितली तर रक्त ज्या हाताला जेल लावत नाही त्या हातातून द्या. नाहीतर त्वचेवरचं औषध नमुन्यात येतं आणि आकडा खोटा चढलेला दिसतो.

खलबत्ता
कॅप्सूलचं. प्रोजेस्टेरॉनपासून शरीरात जे पदार्थ तयार होतात ते गुंगी आणतात, म्हणून ते रात्री देतात. जेवणाबरोबर घेतलं तर रक्तात खूप जास्त जातं आणि सकाळी डोकं जड राहतं. जेवणानंतर दोन तासांनी, अगदी झोपताना घ्यायचं, बऱ्याच जणींचा त्रास त्यानेच कमी होतो. तरीही जमलं नाही तर डॉक्टर तेच योनीमार्गे वापरायला सांगू शकतात, किंवा 52 मिग्रॅ लेव्होनॉरजेस्ट्रेल या प्रोजेस्टोजेनची, कॉपरटीसारखी आत बसवायची साधनं असतात, ती अस्तराचं पाच वर्षं रक्षण करतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेला पॅचही मिळतो. काही कॅप्सूलमध्ये शेंगदाण्याचं तेल असतं, ॲलर्जी असेल तर वेष्टन वाचा. बाजारात प्रोजेस्टेरॉन क्रीम मिळतं, त्याने अस्तराचं रक्षण होत नाही, तो पर्याय धरू नका.

आणि पंप वाढवायचेच ठरले तर प्रोजेस्टेरॉनही त्या प्रमाणात बघावं लागतं. चार पंपांना रोजचं 100 पुरत नाही, 200 लागतं. म्हणून हा निर्णय दोन्ही औषधं एकत्र धरूनच होतो.

रक्तस्रावाचं उत्तर राहिलं.

रातराणी
रक्तस्राव नाही. गेल्या आठवड्यात दोन दिवस हलका डाग होता, तेवढाच. तो मोजायचा का?

नीलमोहर
मोजायचा. पाळी जाऊन दीड वर्ष झाल्यावर आलेला कुठलाही डाग हा रक्तस्रावच. आवरणारं औषध नसताना इस्ट्रोजेन चालू आणि वर डाग, त्यामुळे पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आज दवाखान्यात फोन करून नेमके हे शब्द सांगा: "पाळी जाऊन दीड वर्ष झालंय, जेल चालू आहे, प्रोजेस्टेरॉन महिनाभर बंद आहे, डाग पडला." अशा फोनला लवकरची वेळ मिळते. जेल तोवर चालू ठेवायचं की थांबवायचं तेही त्याच फोनवर विचारा.

बहुधा योनीमार्गे सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतील. रोजचं प्रोजेस्टेरॉन घेणाऱ्या बाईत 4 मिमीच्या आत असेल तर दिलासा. त्याहून जाड असेल तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतात, बाह्यरुग्ण विभागातच होतं, पाळीसारखी कळ येते. पण तुमचं कॅप्सूल बंद असल्याने मापाचा अर्थ डॉक्टरच लावतील. म्हणून कॅप्सूल कधीपासून बंद आहे ती तारीख आठवून लिहून न्या.

हरितपर्ण
हलका डाग तर हार्मोन सुरू केल्यावर सगळ्यांनाच होतो. पहिले तीन-चार महिने चालतं. उगाच घाबरवू नका.

नीलमोहर
दोन्ही औषधं नीट घेत असताना पहिल्या तीन ते सहा महिन्यांत अधूनमधून डाग पडू शकतो, हे खरं. इथे दुसरं औषध बंद आहे. कॅप्सूल सोडल्यावर काही दिवसांत येणारा डागही वेगळा, तो चार आठवड्यांनी येत नाही. बहुतेक वेळा काही गंभीर निघत नाही, पण ते तपासल्यावरच म्हणता येतं.

उत्तरा
अवांतर: हार्मोन घेत असलं की गर्भनिरोधक लागत नाही ना?

खलबत्ता
उत्तरा, लागू शकतं. या उपचाराने गर्भ राहणं थांबत नाही. पन्नाशीनंतर पाळी गेली तर शेवटच्या पाळीपासून एक वर्ष, पन्नाशीच्या आत गेली तर दोन वर्षं काळजी घ्यायची.

स्पष्टवक्ता
मी तरी अजूनही म्हणेन की हार्मोनशिवाय जमत असेल तर आधी ते बघा.

नीलमोहर
त्यालाही जागा आहे. ज्यांना इस्ट्रोजेन चालतच नाही त्यांना व्हेन्लाफॅक्सिन, गॅबापेंटिन किंवा फेझोलिनेटंट देतात. फेझोलिनेटंटला सुरू करण्याआधी आणि नंतर पहिले काही महिने यकृताच्या तपासण्या लागतात. स्तनाच्या कॅन्सरवरचं टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन (नैराश्यावरचं औषध, वाफांवरही देतात) घेऊ नये, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी करतं. म्हणजे हार्मोन नको म्हटल्यावरही जोखीम शून्य होत नाही, फक्त बदलते.

रातराणी
फोन केला. गुरुवारी सकाळी सोनोग्राफी, त्याच दिवशी डॉक्टर. तोवर जेल बंद ठेवायला सांगितलं, टीएसएचही सांगितलं. पंप वाढवत नाही. सोनोग्राफीला पाणी पिऊन जायचं की नाही, ते विचारायचं राहिलं.

खलबत्ता
योनीमार्गे असेल तर लघवी करून, मूत्राशय रिकामं ठेवून. पोटावरून असेल तर भरलेलं लागतं. कोणती आहे ते एकदा विचारून घ्या. आणि त्या दिवशी डाग चालू असला तरी जा, तारीख पुढे ढकलू नका.