नैराश्याच्या गोळ्यांसोबत आयुर्वेद, योग, विपश्यना : काय चालेल, काय टाळावे? मदत हवी आहे

नमस्कार. हा प्रश्न माझ्या थोरल्या बहिणीविषयी आहे. तिच्या परवानगीने लिहीत आहे. गाव आणि ओळख पटेल असे तपशील मात्र वगळले आहेत.

ताई ४१ वर्षांची असून माध्यमिक शाळेत शिकवते. आठ वर्षांपूर्वी, धाकट्या मुलाच्या जन्मानंतर, तिला पहिल्यांदा नैराश्य आले. त्या वेळी घरात कोणी त्याला आजार म्हटले नाही. ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून सगळे मोकळे झाले आणि वर्षभराने ती आपली आपणच सावरली. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा तेच सुरू झाले. पहाटे तीनला जाग यायची, वह्यांचे गठ्ठे न तपासताच पडून राहायचे, स्वयंपाकघरात ओट्याशी उभी राहून ती काय करायला आलो होतो तेच विसरायची. या खेपेस आम्ही मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो. एस्सिटालोप्राम १० मिलिग्रॅम सुरू होऊन आता पाच महिने झाले. त्याशिवाय थायरॉइडची गोळी आणि पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू आहेत.

फरक पडला आहे, यात शंका नाही. ती शाळेत जाते, जेवते, मुलांचा अभ्यास घेते. पण कशातच जीव रमत नाही, असे म्हणते. वजन चार किलोने वाढले आहे. ‘आयुष्यभर या गोळ्या घ्यायच्या का?’ हा प्रश्न ती दर आठवड्याला विचारते आणि नातेवाइकांना त्याचे उत्तर माहीत असते. आत्याने अश्वगंधा आणून दिली. ओळखीच्या वैद्यांनी झोपेसाठी कसल्याशा गोळ्या आणि शिरोधारा सुचवली. त्या गोळ्या ती तीन आठवडे घेत आहे. शेजारच्या काकूंचे म्हणणे आहे की सगळे बंद करून इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जावे. जर्मनीत असलेल्या मामेभावाने तर ‘योहानिसक्राउट’ नावाच्या वनौषधीच्या दोन बाटल्याच पाठवल्या असून तिथे ती औषधांच्या दुकानात सर्रास मिळते, असे त्याने कळवले आहे. त्या बाटल्या अजून उघडलेल्या नाहीत.

मनोविकारतज्ज्ञांना यातले काहीही ठाऊक नाही, कारण ते रागावतील, अशी ताईला धास्ती आहे. वैद्यांनाही एस्सिटालोप्रामविषयी सांगितलेले नाही, कारण ते ती बंद करायला लावतील, अशी तिला भीती वाटते. दोघांच्या मध्ये ती एकटी आहे आणि काय घ्यायचे ते स्वतःच ठरवते आहे. यांपैकी काय औषधांसोबत चालते, काय मुळीच चालत नाही आणि हा विषय डॉक्टरांसमोर कसा काढावा, याविषयी अनुभवी व जाणकार मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर आहे आणि बरीच वर्षे औषधांच्या दुकानात काम केले आहे. मी डॉक्टर नाही, हे ध्यानात ठेवून वाचावे.

जर्मनीहून आलेल्या बाटल्या उघडू नका. योहानिसक्राउट म्हणजे इंग्रजीतले सेंट जॉन्स वर्ट. ही वनस्पती थोतांड नाही, उलट खरोखर काम करते आणि म्हणूनच धोकादायक ठरू शकते. कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये २९ चाचण्यांचा, म्हणजे सुमारे साडेपाच हजार रुग्णांचा आढावा घेतला, तेव्हा ती प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) सरस आणि नेहमीच्या नैराश्यरोधक औषधांच्या तोडीची आढळली. परंतु ती एस्सिटालोप्रामप्रमाणे सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनावरच काम करत असल्याने त्या गोळीसोबत घेतली तर शरीरात सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढू शकते. हातपाय थरथरणे, घाम, जुलाब, छातीत धडधड, ताप, गोंधळलेपणा अशी लक्षणे मग दिसतात आणि क्वचित ती जिवावर बेततात. शिवाय ही वनस्पती यकृतातील विकरांना (औषधांचे विघटन करणाऱ्या एन्झाइम्सना) चेतवते, त्यामुळे इतर काही औषधे शरीरातून लवकर बाहेर टाकली जातात आणि गर्भनिरोधक गोळ्या त्यांपैकीच आहेत. म्हणजे तुमच्या ताईंच्या बाबतीत एकाच बाटलीने दोन ठिकाणी घोळ होईल. मामेभावाचा हेतू चांगला आहे, पण तिथे ती घेणारा माणूस बहुधा दुसरी गोळी घेत नसतो.

अश्वगंधेने काही जणांमध्ये थायरॉइड संप्रेरकाची पातळी वाढल्याचे आणि काहींच्या यकृताला इजा झाल्याचे नोंदलेले आहे. थायरॉइडची गोळी चालू असताना ती परस्पर घेऊ नये. त्याच ओघात विचारते, ताईंची टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी शेवटची केव्हा झाली? थायरॉइड मंद असेल तर थकवा, वाढते वजन आणि उदासी ही सगळी लक्षणे त्यानेही टिकून राहतात. बी-१२ जीवनसत्त्वाची पातळीदेखील पाहून घ्या, विशेषतः त्या शाकाहारी असतील तर.

वैद्यांच्या झोपेच्या गोळ्यांनी मला सर्वांत जास्त काळजीत टाकले आहे. वेष्टनावर घटकांची यादी वाचा आणि त्यात सर्पगंधा आहे का ते पाहा. आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश नियतकालिकात मांडला आणि ती जगभर पोहोचली. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढले गेले आणि ते घेणाऱ्या काही रुग्णांना नैराश्य आल्याच्या नोंदी पन्नाशीच्या दशकात होऊ लागल्या. ज्या वनस्पतीने उदासी येऊ शकते, तीच उदासीने उडालेल्या झोपेसाठी देण्यात काय हशील?

शिरोधारेबद्दल माझी हरकत नाही. तेलाच्या धारेखाली पाऊण तास शांत पडून राहणे सुखाचे असते, तेवढीच अपेक्षा ठेवावी.

प्रतिसाद २

मी स्वतः या आजारातून दोनदा गेलो आहे, त्यामुळे विपश्यना आणि व्यायामाविषयी लिहितो.

विपश्यनेच्या शिबिरात दहा दिवस मौन असते, पहाटे चारला उठावे लागते आणि दिवसाचे जवळजवळ दहा तास बैठक असते. गंभीर मानसिक आजार बरा होईल या अपेक्षेने येऊ नये, असे त्यांच्या नियमावलीतच स्पष्ट लिहिलेले आहे आणि प्रवेशअर्जात आजार व चालू औषधे यांविषयी विचारतात. तिथे खरे लिहावे. ज्याची झोप आधीच मोडलेली आहे आणि डोक्यात तेच ते विचार फिरत आहेत, त्याने दहा दिवस त्या विचारांसोबत एकटे बसणे मला तरी योग्य वाटत नाही. गोळ्या बंद करून जाणे तर नाहीच नाही. सजगतेवर आधारलेली जी उपचारपद्धती नैराश्यासाठी तपासली गेली आहे, ती वेगळी आहे. आठ आठवडे, आठवड्यातून एकदा, प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली असे तिचे स्वरूप असते. ब्रिटनमधील ४२४ रुग्णांच्या अभ्यासात (२०१५) ही पद्धत शिकून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करत गेलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना दोन वर्षांत आजार उलटला, तर गोळ्या चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्क्यांना. म्हणजे फरक जवळपास नाही. मात्र हे सगळे रुग्ण आधी किमान तीन वेळा आजारी पडून नंतर सावरलेले होते. ताई अजून पूर्ण सावरलेल्या नाहीत, हे विसरू नये.

योगाविषयी बोलताना बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतील २००० सालच्या अभ्यासाचा दाखला हमखास दिला जातो. तीव्र नैराश्याच्या ४५ रुग्णांचे तीन गट करून एकाला विद्युत उपचार (मेंदूला नियंत्रित विजेचा झटका), दुसऱ्याला इमिप्रामिन हे नैराश्यरोधक औषध आणि तिसऱ्याला सुदर्शन क्रिया हा लयबद्ध श्वसनाचा प्रकार असे चार आठवडे दिले, तेव्हा अनुक्रमे ९३, ७३ आणि ६७ टक्के रुग्णांची लक्षणे ओसरली. सांगणारे फक्त शेवटचा आकडा सांगतात. गट पंधरा-पंधरा जणांचे होते आणि रुग्ण रुग्णालयात दाखल होते, हे कोणी सांगत नाही. तरीही श्वसनाचा काहीच उपयोग नाही, असे मी म्हणणार नाही. मला झाला, पण गोळ्यांच्या जोडीने झाला.

माझा सर्वांत जास्त भरवसा चालण्यावर आहे. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात पन्नाशीच्या पुढील १५६ रुग्णांवर सोळा आठवडे प्रयोग झाला (१९९९). त्यात आठवड्यातून तीनदा व्यायाम करणारे आणि सर्ट्रालिन ही नैराश्यरोधक गोळी घेणारे शेवटी सारख्याच प्रमाणात सुधारले. गोळ्यांचा गुण सुरुवातीला लवकर आला, इतकेच. अडचण अशी की नैराश्यात चपला घालणेही डोंगराएवढे वाटते. यावर गोव्यात झालेले काम पाहण्यासारखे आहे. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत ठरावीक वेळी लहान लहान कामे पुन्हा हाती घ्यायला शिकवले. मन लागण्याची वाट न पाहता आधी कृती करायची, हे त्यामागचे सूत्र आहे. ४९५ रुग्णांच्या चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा त्याचा गुण स्पष्टपणे जास्त दिसला. ताईंनी ‘रोज तासभर फिरेन’ असे ठरवू नये. शाळेतून येताना एक थांबा आधी उतरावे आणि ते वहीत लिहून ठेवावे.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. जगू नये असे विचार ताईंना येतात का? विचारल्याने ते विचार वाढत नाहीत. विचारा. टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

प्रतिसाद ३

आमच्याकडे आईला केशराचे दूध देत होतो, तिला बरे वाटले. इराणमध्ये केशरावर संशोधनही झाले आहे म्हणतात.

प्रतिसाद ४ (प्रतिसाद १ च्या लेखिकेकडून)

झाले आहे आणि निष्कर्ष आशादायक आहेत, परंतु बहुतेक चाचण्या लहान आहेत आणि त्यांत दिवसाला साधारण ३० मिलिग्रॅम प्रमाणित अर्क वापरला होता. दुधातल्या चार काड्या खुशाल घ्या, ते औषध मात्र समजू नका.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वैद्यांच्या गोळ्यांच्या वेष्टनावर दुसऱ्याच क्रमांकावर सर्पगंधा लिहिलेली आहे. ताईने त्या कालपासून थांबवल्या असून अश्वगंधाही कपाटात ठेवून दिली आहे. टीएसएच तपासून चौदा महिने झाले होते, तेही उद्या करून घेत आहोत.

तो प्रश्न मी तिला विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की जानेवारीत तसे विचार येत होते, हल्ली येत नाहीत. जानेवारीत मी तिच्या घरी दोनदा जेवायला गेलो होतो.

डॉक्टरांची भेट गुरुवारी ठरली आहे. सगळ्या बाटल्या आणि वेष्टने एका पिशवीत भरून ती त्यांच्या टेबलावर ठेवायची, म्हणजे कोणालाच काही बोलून सुरुवात करावी लागणार नाही, ही कल्पना ताईचीच आहे. आता एवढेच विचारायचे आहे : सांगली किंवा कोल्हापूर परिसरात, अथवा ऑनलाइन, सजगतेवर आधारित आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम मराठीतून कोणी केला आहे का?