१०० सांगून २५ मिमी: चौपटीचा घोळ

कंट्रोलरला शंभर मिमी सांगून मशीनची स्क्रूवरची स्लाइड पंचवीसच सरकते म्हणताय, म्हणजे हा चौपटीचा घोळ आहे भावा. २५०० लाइनचा एन्कोडर (फिरणं मोजणारा सेन्सर) क्वाड्रेचरमुळे, म्हणजे एका लाइनमागं चार काउंट धरल्यामुळे, फेरीला १०,००० काउंट देतो. स्क्रूची लीड, म्हणजे एका फेरीत स्लाइड सरकते ते अंतर, ५ मिमी, म्हणून मिमीला २००० काउंट. तुम्ही ५०० टाकलेत, म्हणजे चारनं गुणायचं राहिलं. वेगाचा फॅक्टर वेगळा तपासा. कंट्रोलरला काउंट सेकंदाला हवेत की मिनिटाला, यात थेट ६० पटींचा फरक.

वर कुणीतरी गिअरबॉक्सचं प्रमाण दशांशात टाका म्हणालंय, ते काही पटलं नाही. ७:३ असेल तर अंश आणि छेद वेगवेगळे भरा; नाहीतर एकाच दिशेनं फिरणाऱ्या इंडेक्सिंग टेबलवर (ठरावीक कोनात फिरून थांबणारं टेबल) चूक साठत जाते. सरकलेलं अंतर मोजायला डायल गेज उद्यमनगरात (कारखान्यांच्या भागात) कुणाकडंही मिळंल, ते लावून आधी हळू वेगात १० मिमी चालवून बघा.